"रोज चालत जा" एवढं सांगून भागत नाही

साठी उलटलेल्या कुठल्याही माणसाची दवाखान्याची फाईल उघडून बघा, शेवटच्या ओळीत हे सापडतंच, "रोज 45 मि. चालणे". वर गोळ्यांची नावं, डोस, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, सगळं नीट लिहिलेलं आणि खाली ही एक ओळ. शुगर असो, बीपी असो, अँजिओप्लास्टी झालेली असो नाहीतर गुडघे गेलेले असोत, सगळ्यांना तीच. कुठे चालायचं, किती जोरात चालायचं, दम लागला तर काय करायचं, तळपायाला मुंग्या येतात त्याचं काय, यातलं काही नाही. मग तीन महिन्यांनी परत गेलं की "चालताय ना?" आणि पेशंट खाली मान घालून म्हणणार, "नाही हो होत डॉक्टर". आणि घरी येताना रिक्षात मुलगा नाहीतर मुलगी ऐकवणार की बाबा, तुमची इच्छाच नाहीये, नुसता आळस आहे.

हे आळस वगैरे जे आपण पटकन बोलून जातो ना, त्याबद्दलच मला लिहायचंय. दोन-दोन तीन-तीन जुने आजार अंगावर असलेली म्हातारी माणसं हलत नाहीत, याची कारणं मी जेवढी बघितली त्यातली बरीचशी त्यांच्या मनात नसतात. ती गोळ्यांत असतात, रस्त्यात असतात, घरातल्या आपल्या वागण्यात असतात, आणि ती दूर करणं त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं. गोळी लिहून दिली तर ती मेडिकलमध्ये मिळते की नाही, परवडते की नाही, तिने चक्कर येते का, हे कोणीतरी विचारतं. चालणं हे जर औषध आहे असं सगळे डॉक्टर सांगतायत, तर त्याच्याबद्दल हेच प्रश्न कोणी का विचारत नाही? लिहून दिलं की संपलं, पुढचं सगळं त्या सत्तरीच्या माणसाच्या विलपॉवरवर सोडून द्यायचं, हे मला अजिबात पटत नाही.

आणि ही माणसं थोडीथोडकी नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे दहा कोटींच्या वर लोक होते, आता तर कितीतरी जास्त असतील. मुंबईत देवनारला जी आयआयपीएस संस्था आहे तिने 2017-18 मध्ये देशभर 72,000 हून जास्त लोकांचा मोठा सर्व्हे केला, 45 वर्षांच्या पुढच्यांचा, लासी म्हणतात त्याला. जानेवारी 2021 मध्ये त्याचा रिपोर्ट आला तेव्हा आरोग्य मंत्रालयानंच सांगितलं की ज्येष्ठांपैकी साधारण 75 टक्के लोकांना एक ना एक जुना आजार आहे. म्हणजे "आजारी म्हातारा" हा अपवाद नाहीये, आजार असणं हेच आपल्याकडचं नेहमीचं म्हातारपण आहे. आणि 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात जे आकडे आले त्यानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत 42 टक्के आणि बायकांत 57 टक्के. हा फरक लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढे बोलायचंय.

हालचालीचा फायदा होतो का यावर आता वाद उरलेला नाही. 1953 मध्येच जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या डबल डेकर बसमधल्या लोकांचा अभ्यास केला होता, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. डायबेटिसचं म्हणाल तर स्नायू काम करायला लागले की इन्सुलिन कमी पडत असलं तरी ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी मीटरवर फरक दिसतो. डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइनमध्ये 65 च्या पुढच्यांना आणि जुना आजार असलेल्यांनासुद्धा आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितलीय. पण त्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडे पोचतच नाहीत. एक म्हणजे पूर्वी सलग दहा मिनिटं तरी पाहिजे अशी अट होती ती त्यांनी काढून टाकली, पाच मिनिटं चाललात तरी ते मोजायचं. आणि दुसरं, नुसतं चालून भागत नाही, तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवेत, कारण या वयात पडण्याचा धोका मोठा. आता सांगा, "आजोबा, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा" असं कुठल्या फाईलवर लिहिलेलं बघितलंय? मी तरी नाही बघितलं.

आता गुडघ्यांचं घ्या. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या घोळक्यात हा विषय निघाला नाही असं होत नाही. आणि तिथे ठाम समजूत अशी की गाडीचा टायर जसा वापरून झिजतो तसा गुडघा झिजतो, म्हणून जेवढा कमी वापराल तेवढा जास्त टिकेल. हे साफ चुकीचं आहे पण ऐकणाऱ्याला इतकं पटतं की त्याच्यापुढे फिजिओचं काही चालत नाही. खरं तर मांडीचे पुढचे स्नायू मजबूत केले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो आणि दुखणंही कमी होतं, गुडघेदुखीवर व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार मानतात. पण सुरुवातीचे काही दिवस दुखतं, थोडं वाढल्यासारखंही वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी "हे होणार आहे, घाबरू नका, एवढं दुखलं तर चालेल आणि एवढं दुखलं तर थांबा" असं सांगणारं कोणी नसतं. मग माणूस दोन दिवस करतो, तिसऱ्या दिवशी बाम लावून झोपतो आणि परत कधी नाव काढत नाही. याला आळस म्हणायचं?

गोळ्यांचं तर कोणी बोलतच नाही. बीपीच्या किंवा हार्टच्या कितीतरी पेशंटना लघवीची गोळी असते, सकाळी घ्यायची, आणि ती घेतली की पुढचे दोन-तीन तास सारखं जावं लागतं. म्हणजे ज्या वेळेला फिरायला जायचं नेमकी तीच वेळ. पुरुष कसेतरी भागवतात, बायका काय करणार? रस्त्यात स्वच्छ मुतारी कुठेय? असली तर कुलूप, कुलूप नसेल तर आत पाणी नाही, पाणी असेल तर इंडियन टॉयलेट आणि गुडघे वाकत नाहीत. मुंबईत राइट टू पी म्हणून बायकांनी 2011 च्या सुमाराला मोहीम सुरू केली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे हा अन्याय त्यांनी पालिकेसमोर मांडला, पण तो प्रश्न आपण नोकरी करणाऱ्या, फेरीवाल्या बायकांचा म्हणून ऐकला, सत्तरीच्या आजीच्या शुगर-बीपीशी त्याचा संबंध आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या ओळखीत अशा आज्या आहेत ज्या बाहेर जायचं म्हणून गोळीच घेत नाहीत नाहीतर पाणी पीत नाहीत, आणि काहीजणी सरळ बाहेरच पडत नाहीत. आणि लाजेपायी डॉक्टरला सांगत नाहीत, सोबत मुलगा बसलेला असतो ना समोर. ती गोळी फिरून आल्यावर घेतली तर चालेल का, एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तर कितीजणींचं फिरणं सुरू झालं असतं.

तसंच शुगरच्या गोळीचं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेला माणूस पहाटे रिकाम्या पोटी जोरात चालायला गेला आणि साखर 70 च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली, की एवढा एक अनुभव त्याला कायमचा घरी बसवायला पुरतो. खिशात दोन गोळ्या ग्लुकोजच्या नाहीतर खडीसाखर ठेवा, काहीतरी थोडं खाऊन निघा, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पायाची संवेदना गेलेल्यांना चप्पल काय घालायची ते सांगावं लागतं, नाहीतर साधा खडा टोचून जखम होते, कळत नाही, आणि मग ती चिघळते. हार्टवाल्यांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, मग घड्याळातला हार्ट रेट बघून ते उगाच काळजी करत बसतात. त्यांना साधी खूण सांगावी, चालताना बोलता यायला पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर आहे, आणि छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथल्या तिथे थांबायचं. पण हे सांगायला वेळ कोणाकडे आहे? 2017 मध्ये जगभरच्या डॉक्टरांच्या वेळेचा एक अभ्यास आला होता, त्यात भारतात एका पेशंटला सरासरी साधारण दोन मिनिटं मिळतात असं निघालं. दोन मिनिटांत "चालत जा" एवढंच होणार. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही, बाहेर शंभर पेशंट बसलेले असतात हे मलाही दिसतं, पण मग हे काम दुसऱ्या कोणालातरी दिलं पाहिजे, नर्सला, फिजिओला, आशाताईंना, कोणालातरी.

बरं, एवढं सगळं जमवून माणूस गेटच्या बाहेर पडला. पुढे काय? रस्त्यांचे निकष ठरवणारी जी इंडियन रोड्स काँग्रेस संस्था आहे तिचे नियम सांगतात की फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा पाहिजे आणि त्याची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या भागातल्या रस्त्यावर एका आजोबांना मी रोज संध्याकाळी बघायचे, काठी घेऊन निघायचे. फूटपाथ सुरू होतो तिथे त्यांच्या जवळजवळ गुडघ्याएवढी पायरी. ते आधी काठी वर ठेवायचे, मग विजेच्या डबड्याला हात लावून एक पाय वर, मग दुसरा. वर चढून पाच-सात पावलं झाली की एका दुकानाचा रॅम्प, तिथे उतार, मग दोन आडव्या लावलेल्या स्कूटर, म्हणून परत खाली उतरायचं, गाड्या अंगावरून जातायत अशा रस्त्यावरून थोडं पुढे जायचं, आणि परत वर चढायचं. शंभर-दोनशे मीटरच्या रस्त्यात हे किती वेळा. एकदा त्यांचा तोल गेला, पडले नाहीत, एका मुलाने धरलं, पण त्यानंतर ते दिसायचे बंद झाले. भेटले तेव्हा म्हणाले, "पाय मोडला तर मुलाला रजा काढावी लागेल." त्यांना स्वतःच्या हाडापेक्षा मुलाच्या रजेची काळजी जास्त होती. पडण्याची भीती ही पडण्याइतकीच वाईट, कारण भीतीने माणूस बसतो, बसल्याने पायातली ताकद जाते, आणि मग तो खरंच पडतो.

पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, त्यात सगळं छान लिहिलंय. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाले, तिथे बाकं आहेत, झाडं आहेत, संध्याकाळी जाऊन बघा किती म्हातारी माणसं बसलेली आणि चालताना दिसतात. म्हणजे जागा दिली की लोक येतात, हे डोळ्यासमोर सिद्ध झालंय. मग बाकीच्या शहराने काय पाप केलंय? आणि बाकं का महत्त्वाची तर सीओपीडीचा, म्हणजे दम्यासारखाच दम लागणारा जो पेशंट असतो, किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेला, त्याला थोडं चाललं की थांबावंच लागतं. त्याला माहीत असलं की पुढे बसायला जागा आहे तर तो निघतो, नाहीतर नाही निघत. शंभर-दीडशे मीटरवर एक बाक, याला असा किती खर्च येणार आहे, एका चौकातल्या शोभेच्या कारंज्याच्या पैशात कितीतरी बाकं होतील.

कुत्र्यांबद्दल लिहिलं की दोन्ही बाजूंनी भांडण सुरू होतं म्हणून मी लांबवत नाही, पण पहाटे साडेपाचला काठी टेकत जाणाऱ्या माणसाला टोळीने भुंकणाऱ्या कुत्र्यांची भीती वाटते हे खरं आहे आणि ती भीती खोटी ठरवून प्रश्न सुटत नाही. बायकांना वर मंगळसूत्र खेचून नेण्याची भीती. मग त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात, गाड्यांच्या मधून, आणि तिथेही एखादी कार रिव्हर्स येते. विदर्भात-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर बाहेर पाय ठेवता येत नाही, आणि कोकणात पावसाळ्यात सगळीकडे शेवाळ.

आता जरा घरात येऊ, कारण रस्त्याला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याला उठू द्यायचं नाही. "आई तुम्ही बसा, मी देते." "आजोबा तुम्ही कशाला उठलात, मला हाक मारायची." पाणी हातात, चहा हातात, टीव्हीचा रिमोट हातात. हे प्रेमानंच करतात सगळे, आणि केलं नाही तर नातेवाईक नावं ठेवतात, सुनेला तर हमखास. आमच्या शेजारच्या काकू, अँजिओप्लास्टी झाली त्याआधी ओट्यापाशी उभं राहून भाजी चिरायच्या, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायच्या, खाली जाऊन दूध आणायच्या. घरी आल्यावर मुलांनी सगळं काढून घेतलं, दिवाणावर बसवलं, उशा लावल्या. काही महिन्यांनी मी भेटायला गेले तर कमोडवरून उठताना त्यांना भिंतीला धरावं लागत होतं. मला म्हणाल्या, "अगं मला काही होत नाही गं, पण हे उठूच देत नाहीत. आणि आता खरंच उठवत नाही." डॉक्टरांनी "हलकी कामं करू द्या" असं सांगितलेलं होतं, पण हलकी म्हणजे कुठली ते सांगितलं नव्हतं, आणि घाबरलेल्या घराने त्याचा अर्थ कुठलीच नाही असा घेतला. अँजिओप्लास्टीनंतर कधी काय सुरू करायचं, पहिल्या आठवड्यात किती, महिन्याने किती, याचा व्यवस्थित कार्यक्रम असतो, कार्डिॲक रिहॅब म्हणतात त्याला, पण मोठ्या शहरातल्या मोजक्या हॉस्पिटलांच्या बाहेर तो मिळतच नाही. स्टेंट टाकून मिळतो, पुढचं चालणं शिकवायला कोणी नाही.

बायकांचे 57 टक्के वर म्हणाले ना, त्याच्याबद्दल. बाईला विचारलं व्यायाम करता का तर उत्तर येतं, "दिवसभर घरात चालतेच की मी". आणि ते खोटं नाही, पण त्यात दम लागेल असं, स्नायूंना ताण मिळेल असं फार थोडं असतं, जास्त असतं ते उभं राहून पाय सुजवणारं. वर नातवंडं सांभाळायची. मुलगा-सून दोघं नोकरीला, सकाळी डबे, शाळेची बस, दुपारी पोराला जेवू घालायचं, संध्याकाळी क्लासला सोडायचं. स्वतःसाठी तासभर बाहेर जाते म्हणणं तिला जमतच नाही, लोक काय म्हणतील हे वेगळंच. आजोबा सकाळी उठून कट्ट्यावर मित्रांत जातात, चहा पिऊन येतात, त्यांना कोणी विचारत नाही, आजीला मात्र "एवढा वेळ कुठे होतीस" असं विचारलं जातं. ज्या घरात सासूबाईंच्या फिरण्याच्या वेळेला दुसरं कोणीतरी कुकर लावतं त्या घरातल्या सासूबाई फिरतात, मला तरी एवढं सरळ दिसतं हे.

गावाकडचं चित्र अजून वेगळं आहे. तिथे सत्तरीची बाई निंदायला-खुरपायला जाते, तिला चालायचा सल्ला देणं म्हणजे तिची थट्टा आहे. तिचे प्रश्न वेगळे, दिवसभर वाकून कंबर गेलेली, चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेली, गोळ्या कधी मिळतात कधी नाही. आणि मग एक दिवस मुलगा तिला पुण्याला नाहीतर पिंपरीला घेऊन येतो, तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये, लिफ्ट बंद असते, खाली ओळखीचं कोणी नाही, भाषा आपलीच पण माणसं अनोळखी. चाळीस-पन्नास वर्षं राबलेलं शरीर एका महिन्यात थांबतं. शुगर वाढते, वजन वाढतं, आणि सगळे म्हणतात शहराचं पाणी मानवलं नाही.

सोबत हा विषय मला सगळ्यात मोठा वाटतो. आषाढी वारी बघा. आळंदीपासून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तीन आठवड्यांच्या आसपास चालायचं, आणि त्यात साठी-सत्तरीची किती माणसं असतात, पिशवीत बीपीच्या गोळ्या घेऊन. घरी असताना कोपऱ्यावरच्या दुकानात जायला कंटाळणारी माणसं तिथे चालतात. श्रद्धा आहेच, ती मोठीच आहे, पण नुसत्या श्रद्धेने पाय चालत नाहीत. तिथे दिंडी ठरलेली, पुढेमागे ओळखीची माणसं, ओझं ट्रकमध्ये, ठरलेल्या ठिकाणी विसावा, जागोजागी पाणी आणि चहा, वाटेत डॉक्टरांचे तंबू, आता निर्मल वारीमुळे फिरती शौचालयं, आणि मागे राहिलात तर "माउली, बसा जरा" म्हणणारं कोणीतरी. म्हणजे आत्तापर्यंत वर मी जी जी अडचण लिहिली तिची तिथे सोय केलेली आहे, पिढ्यानपिढ्या शिकत शिकत केलेली. वारी सगळ्यांनी करावी असं मी म्हणत नाही, हार्टच्या पेशंटला ती झेपेलच असं नाही, आणि तीन आठवडे चालून उरलेलं वर्ष बसलात तर उपयोगही नाही. पण सोय आणि सोबत मिळाली तर हीच माणसं चालतात, एवढं त्यातून घ्यावं.

याच कारणाने हास्यक्लब चालले. डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये अंधेरीच्या लोखंडवालामध्ये मोजक्या लोकांना घेऊन सुरू केलेला तो प्रकार गावोगावी पोचला, कारण तिथे गेला नाहीत तर दुसऱ्या दिवशी "काल कुठे होता?" असं विचारणारं कोणीतरी असतं. जपानमध्ये रेडिओवर सकाळी साडेसहाला व्यायामाचं संगीत लागतं, 1928 पासून हा कार्यक्रम आहे, आणि म्हातारी माणसं जवळच्या बागेत जमून एकत्र हातपाय हलवतात. न्यूझीलंडमध्ये 1998 पासून डॉक्टर ग्रीन प्रिस्क्रिप्शन, म्हणजे हालचालीचा लेखी सल्ला, लिहून देतात आणि पुढे एक माणूस पेशंटशी संपर्कात राहतो, जमतंय का, काय अडलंय, विचारतो. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक शहरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची फेस्कॉम ही राज्यभरची संघटना आहे. जागा आहे, माणसं आहेत, वेळ आहे. पण तिथे बहुतेक कार्यक्रम बसून ऐकायचे, व्याख्यान, भजन, वाढदिवस. महिन्यातून चार वेळा एक फिजिओ येऊन तोल सांभाळायचे व्यायाम घेऊन गेला तर केवढं काम होईल. आणि संघात बायका कमी येतात, त्याचाही विचार संघवाल्यांनी करायला हवा.

पैशाचं बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. शहरात घरी येणारा फिजिओ एका वेळेला पाचशेच्या आसपास सहज घेतो. आणि ईपीएस-95, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला हजार रुपये आहे. दोन वेळा फिजिओ बोलावला की पेन्शन संपली. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, चांगली गोष्ट आहे, पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर. पडून खुबा मोडला तर पैसे मिळणार, पडू नये म्हणून पाय मजबूत करायला नाही मिळणार. राज्याच्या वयोश्री योजनेत 65 च्या पुढच्या गरजूंना साहित्यासाठी तीन हजार रुपये मिळतात, त्यातून लोक काठी घेतात, गुडघ्याचा पट्टा घेतात. पण काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते आणि तिची मूठ उभं राहिल्यावर मनगटाच्या उंचीला यायला हवी, हे सांगणार कोण? रस्त्यात बघा, निम्म्याहून जास्त लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरून चालत असतात, आणि त्यांना वाटतं काठीचा काही उपयोग होत नाही. केंद्राचा ज्येष्ठांच्या आरोग्याचा कार्यक्रम 2010-11 पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी धरलेली आहे. ती तालुक्यापर्यंत, गावातल्या आरोग्य मंदिरापर्यंत आठवड्यातून एक दिवस जरी पोचली तरी हजारो गुडघे उभे राहतील, आणि त्यासाठी नवीन योजनेचं नाव शोधायची गरज नाही, आहे तीच नीट राबवायची.

मला माहितीये यावर काहीजण म्हणतील, सगळं सरकारनेच करायचं का, माणसाने स्वतः काहीच करायचं नाही का. करायचंच आहे. पाय त्यालाच उचलायचाय. आणि अशीही माणसं आहेत ज्यांना सगळी सोय असून उठायचं नसतं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागे उदासी असते, जोडीदार गेलेला असतो, दिवसच्या दिवस कोणी बोललेलं नसतं, तिथे तर "इच्छाशक्ती वाढवा" हे सांगणं अजूनच वाईट. पण ज्याला उठायचंय त्याच्या वाटेत एवढ्या गोष्टी आडव्या पडल्यात त्या आधी बाजूला करू, मग इच्छाशक्तीचं बोलू.

आणि यातल्या काही गोष्टींना तर पैसे लागतच नाहीत. उदाहरणार्थ बागांच्या वेळा. आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चार वाजता उघडतात. थंडीत ज्याचे सांधे सकाळी आखडलेले असतात त्याला अकरा वाजताचं ऊन हवं असतं. दम्याच्या माणसाला पहाटेची थंड, धुरकट हवा सोसत नाही, त्यालाही उशिराचीच वेळ बरी. ज्या आजीची नातवंडं शाळेत गेलेली असतात तिला अकरा ते एक एवढाच वेळ मोकळा असतो. जेवणानंतर थोडं चाला असं ज्यांना सांगितलंय त्यांची जेवणं एक वाजता होतात. आणि या सगळ्यांच्या वेळेला गेटला कुलूप असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चार महिने तरी बागा दुपारी उघड्या ठेवा, आतली मुतारी उघडी ठेवा, याचं एक पत्र प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या वॉर्ड ऑफिसला द्यावं, आणि त्या पत्रावर आजोबांच्या सह्यांइतक्याच आज्यांच्याही सह्या घ्याव्यात.